रात्री एक वाजता आलेला फोन

पत्र: "मी पुण्यातल्या एका होम नर्सिंग ब्युरोत सुपरवायझर आहे. जीएनएम झाल्यावर नऊ वर्षं वॉर्डात काढली, चार वर्षांपूर्वी इकडे आले. हाताखाली बेचाळीस जणी आणि सहा ब्रदर आहेत. गेल्या महिन्यात आमच्या एका एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) सिस्टरकडून एका आजींना इन्सुलिन जास्त गेलं. आजींना रात्रीच्या जेवणाआधी पेनने मिक्स इन्सुलिन (लगेच काम करणारं आणि संथ असं एकत्र) १२ युनिट चालू आहे. पेनच्या सुया संपल्या होत्या, म्हणून तिने पेनच्या कार्ट्रिजमधून घरात पडलेल्या जुन्या सिरिंजने ओढून दिलं. रात्री एक वाजता आजींना दरदरून घाम सुटला. शुगर बघितली तर ४८. तिने लगेच मला फोन केला आणि सिरिंजचंही स्वतःहून सांगितलं. आजी शुद्धीवर होत्या. साखरपाणी देऊन आम्ही त्यांना ॲडमिट केलं. दोन दिवसांनी त्या घरी आल्या, आता बऱ्या आहेत. त्यांचा मुलगा म्हणतो, तिला कामावरूनच काढा. आमचे सर म्हणतात, पंधरा दिवसांचा पगार कापा, काढून टाका आणि ग्रुपवर तसं टाका, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल. रिलीव्हर, म्हणजे बदली सिस्टर, मिळाली नाही म्हणून ती तिथे सलग अकरा दिवस चोवीस तासांच्या ड्युटीवर होती. आता रूमवर बसून आहे, फोन उचलत नाही. तिला पाठीशी घातलं तर पेशंटशी बेइमानी होते आणि काढलं तर तिच्याशी. सगळे म्हणतात, मॅडम फार मऊ आहेत. मऊ राहून माणसं सांभाळता येतात का? नाव छापू नका."

सिस्टर,

तिला काढू नका. पगारही कापू नका. असं का म्हणते ते सांगते, पण आधी त्या रात्रीबद्दल बोलू.

रात्रीचा एक वाजलेला. परकं घर, घरातले सगळे झोपलेले. समोर घामाने भिजलेली म्हातारी बाई आणि मीटरवर ४८. त्या मुलीला तेव्हा एक सोपी वाट होती. साखरपाणी पाजायचं, शुगर जरा वर आली की चार्टवर बरासा आकडा लिहायचा आणि सकाळी "आजींना रात्री थोडा घाम आला होता" एवढं सांगून मोकळं व्हायचं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण १२ च्या जागी ३० युनिट अंगात गेले होते (कसे ते पुढे सांगते) आणि मिक्स इन्सुलिनमधला संथ भाग पहाटेपर्यंत शुगर खाली ओढतच राहिला असता. साखरपाण्याने वर आलेली शुगर चार वाजता पुन्हा उतरली असती. तेव्हा आजी झोपल्यात की बेशुद्ध आहेत, हे अंधारात कुणी ओळखलं असतं?

तिने नुसतं "शुगर लो झालीय" म्हणून फोन ठेवला असता तर तुम्ही काय सांगितलं असतं? तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, सकाळी कळवा. मीही हेच सांगितलं असतं. "मॅडम, मी पेनमधलं इन्सुलिन जुन्या सिरिंजने दिलंय" हे तिचं दुसरं वाक्य ऐकून तुम्ही आजींना ॲडमिट करायचं ठरवलंत. आजी वाचल्या त्या या दुसऱ्या वाक्यामुळे. आणि सर आता पगार कापून, कामावरून काढून शिक्षा देणार आहेत ती नेमकी याच वाक्याला. चूक तिने लपवली असती तर ती आज ड्युटीवर असती.

वॉर्डात इन्चार्ज सिस्टर टेबलावर बसली की तिला निम्म्या खाटा दिसतात. कुणाची सलाइन संपत आली, कोणती पोर डोळे पुसतेय, कोण औषधाची ट्रॉली अर्धी टाकून चहाला गेली, सगळं नजरेत असतं. तुमची अठ्ठेचाळीस माणसं तेवढ्याच बंद दारांआड काम करतात. तुम्हाला दिसतं ते फक्त त्यांनी सांगितलेलं. चार्टवर त्या लिहितील तोच तुमचा पेशंट. म्हणून मऊ की कडक हा वाद मला तुमच्या कामात बिनकामाचा वाटतो. वाईट बातमी तुमच्यापर्यंत वेळेत पोचते का, एवढंच बघा. तुमच्याकडे ती रात्री एक वाजता पोचली. तुमच्या "मऊपणा"ची ही कमाई आहे, सिस्टर. ती कमी समजू नका.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. १९८४ साली मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी नवी स्टाफ नर्स होते. एका खाटेवरची गोळी मी शेजारच्या खाटेवर दिली. साधी जीवनसत्त्वाची गोळी, कुणाला काही झालं नाही. पण इन्चार्ज सिस्टरांनी राउंडच्या वेळी, नातेवाइकांसमोर, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात मला धारेवर धरलं. त्या वाईट नव्हत्या. पेशंटवर जीव होता त्यांचा. पण त्या दिवसापासून मी त्यांना काही सांगणंच बंद केलं. पाच-सहा महिन्यांनी नाइटला एका शेतकऱ्याची ड्रिप शिरेबाहेर गेली. माझ्या लक्षात आलं तोवर हाताचा पंजा पुरीसारखा फुगला होता. मी ड्रिप काढली, सूज उतरायला मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी बांधली, हातावर चादर ओढली आणि रिपोर्टबुकात लिहिलं, "ड्रिप चालू." डॉक्टरांना उठवलं नाही. सकाळी सात वाजता हँडओव्हर देताना माझे पाय लटपटत होते. ते काका मात्र मला म्हणाले, "सिस्टर, रातभर माझ्याजवळ बसलाव तुम्ही, जरा च्या तरी घ्या." त्यांचा हात पुढे बरा झाला. पण मी लिहिलेले ते दोन शब्द आज चाळीस वर्षांनीही मला पुसता आलेले नाहीत. मला धारेवर धरलं नसतं तर मी नक्की सांगितलं असतं का? मला वाटतं, सांगितलं असतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात तिथल्या रुग्णालयांतल्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या वॉर्डांत चुका कमी निघतील, अशी अपेक्षा होती. निघाल्या उलट जास्त. कारण शोधलं तर तिथल्या नर्स आपल्या इन्चार्जशी चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका होतच होत्या, पण त्या वर येत नव्हत्या. तुमच्या सरांनी उद्या ग्रुपवर जरब बसवली, तर पुढच्या महिन्यात तुमच्या रजिस्टरमध्ये एकही चूक दिसणार नाही. सरांना वाटेल, उपाय लागू पडला.

आता मला तुमच्याशी जरा कठोर बोलायचंय. राग मानू नका.

तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: सलग अकरा दिवस, चोवीस तासांची ड्युटी, रिलीव्हर नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. चोवीस तासांची ड्युटी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री चारदा बाथरूमला न्यायचं, आजींनी खोकलं तरी उठायचं. अकराव्या दिवशी त्या मुलीने सिरिंज हातात घेतली तेव्हा तिची सलग झोप किती झाली होती, हे विचारलंत का कधी? ती ड्युटी लावली ब्युरोने आणि रोज "उद्या बघते गं, आज जमव" असं सांगितलं असणार तुम्ही. मी सुपरवायझर असताना मीही हे वाक्य शंभरदा बोलले आहे. तेव्हा या चुकीत तिचा हात आहे तसा तुमचाही आहे, सरांचाही आहे. तिच्याशी बोलताना हे पहिल्यांदा तुमच्या तोंडून यायला हवं. "तुझी चूक झाली" च्या आधी "मी तुला अकरा दिवस तिथे ठेवलं, ही माझी चूक" असं म्हणा. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, ते खरं आहे म्हणून.

आणि सिरिंजचं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक करून एका मिलीला ४० युनिटचं येतं आणि पेनमधलं १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजवर १२ ची खूण गाठली आणि आत पेनचं इन्सुलिन असलं की अडीचपट डोस जातो. रात्री आठ वाजता, पिवळ्या बल्बखाली, झोपेने तारवटलेल्या डोळ्यांना लाल आणि नारिंगी सारखंच दिसतं. वॉर्डात अशा इंजेक्शनला दुसरी सिस्टर बघून घेते. घरी दुसरी सिस्टर कुठून आणणार? ती तुम्ही व्हायचं. इन्सुलिन, सिरिंज किंवा डोस यातलं काहीही नेहमीपेक्षा वेगळं असलं की देण्याआधी बाटली आणि सिरिंजचा शेजारी-शेजारी फोटो तुम्हाला यायला हवा आणि तुमचं "दे" गेल्यावरच सुई टोचायची. पाळत ठेवतायत असं वाटणार नाही, फक्त पहिल्या फोटोला लगेच उत्तर द्या. दोनदा अर्धा तास उशीर केलात तर तिसऱ्यांदा फोटो येणार नाही.

सुया संपतायत हे तिने आदल्या दिवशी घरच्यांना सांगितलं होतं का, हेही विचारा. मला दाट शंका आहे की सांगितलं असेल आणि कुणी आणल्या नसतील. तसं असेल तर मुलाला दोष द्यायला जाऊ नका. पुढच्या वेळी सुयांचा पुडा ब्युरोतून पोचवायची सोय करा.

मुलाला भेटायला तुम्ही स्वतः जा आणि सरांनाही घेऊन जा. काय झालं ते सरळ सांगा: इतकं द्यायचं होतं, इतकं गेलं, का गेलं, आम्ही काय बदललं. "थोडं वरखाली झालं" असली भाषा नको. ते आईच्या काळजीने बोलतायत, त्यांचा राग रास्त आहे. ते म्हणाले की आमच्या घरी ही सिस्टर नको, तर तिथे हट्ट धरू नका. आपल्या घरात कोण यावं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. तिला तिथून हलवा. पण "कामावरून काढा" ला स्वच्छ नाही म्हणा आणि कारणही सांगा: तुमच्या आईच्या खोलीत उद्या जी येईल तिने आम्हाला रात्री एक वाजता खरं सांगावं असं वाटत असेल, तर हिला काढता येणार नाही. मी असं दोन घरी बोलले आहे. एकाने दार लावून घेतलं. दुसरे गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तिला सांगा, आई बरी आहे."

सरांचं गणित वेगळं असतं, त्यांच्याशी त्यांच्याच गणितात बोला. तिने फोन केला नसता तर पहाटे काय झालं असतं, पोलीस, वकील, ब्युरोचं नाव, सगळं मांडा त्यांच्यापुढे. पगार कापला तर तो आकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलींना कळेल आणि खरं बोलण्याची किंमत म्हणून तो लक्षात राहील. ग्रुपवर टाकायचंच असेल तर तिला विचारून, नाव न घेता, तुमच्या नावाने टाका. माझ्याकडून मसुदा देते: "आपल्या एका घरी पेनमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने दिलं गेलं आणि डोस अडीचपट गेला. सिस्टरने लगेच फोन करून खरं सांगितलं, म्हणून पेशंट वाचला. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढू नका. सुया संपल्या तर मला कळवा, त्या पोचवणं माझं काम. रिलीव्हर द्यायला मी कमी पडले, तेही बदलतेय." हे शेवटचं वाक्य लिहिताना हात अडखळेल. तरी लिहा. तुमच्या मुली पहिल्यांदा तेच वाचतील.

ती फोन उचलत नाही म्हणता. मग फोन करत बसू नका, रूमवर जा. चार-पाच जणी एका खोलीत राहतात, तिथे सगळ्यांसमोर बोलू नका, बाहेर घेऊन जा. ती रडेल, किंवा दगडासारखी बसेल. पहिल्या भेटीत चौकशी नको. जेवतेस का, झोप लागते का, घरी सांगितलंस का, एवढं विचारा. अशा वेळी मुली गावी कुणाला काही कळू देत नाहीत आणि रूमवर एकट्या बसून नाही नाही ते मनात आणतात. ती बोलताना "जगून काय करू" च्या वळणावर गेली तर तिला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आपल्या पेशंटला आपल्या हातून इजा झाली, हे ओझं सोपं नसतं. अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली अशा डॉक्टर-नर्सना चुकीचा "दुसरा बळी" म्हटलं होतं. मला बळी हा शब्द फारसा आवडत नाही, पण त्यांना म्हणायचंय ते मी ड्युटीरूममध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता पाठीशी घालण्याचं. तिला परत घ्या म्हणजे उद्या सकाळी दुसऱ्या घरी इन्सुलिनवर पाठवा असं मी म्हणत नाही. आधी आठवडाभर पूर्ण सुट्टी, तीही पगारी. मग ऑफिसात दोन्ही सिरिंज आणि साधं पाणी घेऊन तिच्याकडून दहा वेळा भरून घ्या. चुकली तर अकराव्यांदा. नीट हात बसेपर्यंत इन्सुलिनची केस नाही. ती एएनएम आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी असेल, तेव्हा हे शिकून घेणं तिचं कर्तव्यच आहे. हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा, गोड करून नको. नर्सिंग न शिकलेली एखादी मावशी सुई टोचत असती तर मी तुम्हालाच जाब विचारला असता. आणि उद्या कुणी शुगर न बघता चार्ट भरला किंवा विचारल्यावर खोटं बोललं, तर तिथे तुमचा हात थरथरू देऊ नका. चूक आणि लबाडी एकाच तराजूत तोलाल, तर चांगल्या मुली सोडून जातील.

अजून एक. तुम्ही घरी व्हिजिटला जाता तेव्हा बीपी, फाइल, पाठीवर बेडसोअर, सगळं बघत असाल. पण त्या घरात, पेशंटच्या लेकी-सुनांसमोर, सिस्टर तुमच्याशी खरं कसं बोलेल? निघताना म्हणा, "चल, मला गेटपर्यंत सोड." माझं खरं सुपरव्हिजन लिफ्टमध्ये आणि गेटपाशी झालं. तिथे मुली बोलायच्या. रात्रीचं जेवण दहा वाजता मिळतं आणि तेही कालचं. झोपायला पॅसेजमध्ये चटई, डोक्यावर फॅन नाही. पेशंटला आता दोघींनी उचलावं लागतं, माझी कंबर गेलीय. आणि कधी कधी खाली बघत, "मॅडम, ते काका अंगाला हात लावतात." हे शेवटचं ऐकलंत तर त्याच दिवशी तिला तिथून काढा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाची जागा धरलेलं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या तुमच्यासारख्या ब्युरोत अंतर्गत समिती असायलाच हवी. नसेल तर सरांना विचारा, का नाही.

अठ्ठेचाळीस जणांना एकट्याने गेटपर्यंत बोलवणं शक्य नाही, हे मलाही कळतं. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक या नर्सनेच २००६ साली घरी जाऊन सेवा देणारी बुर्तझोर्ग ही संस्था सुरू केली. तिथे एका गटात जास्तीत जास्त बारा जण असतात आणि ड्युट्या ते आपापसांत ठरवतात. त्यांचा पैसा, त्यांची व्यवस्था वेगळी, ती उचलून आपल्याकडे आणता येणार नाही. पण भागवार गट करायला खर्च येत नाही. कोथरूडच्या सात-आठ जणी, हडपसरच्या सात-आठ जणी, पिंपरीकडच्या तेवढ्याच. आठवड्याची सुट्टी कुणाची कधी आणि त्या दिवशी कोण जाणार, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यात सरांकडून एक-दोन फिरत्या सिस्टर मागून घ्या, ज्यांचं काम फक्त रिलीव्हरचं असेल. गटातली एखादी जाणती सिस्टर रात्रीचा फोन घेऊ लागली की तुम्हालाही आठवड्यातल्या तीन रात्री झोप मिळेल. तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही, ते माझ्या लक्षात आलंय. तुम्हीही थकलेल्या आहात.

आणि हे पत्र वाचून झालं की पहिलं काम एकच करा. आजींच्या घरी आता नवी सिस्टर गेली असेल. तिथल्या कपाटात त्या लाल टोपीच्या जुन्या सिरिंज अजून पडून असतील. आज संध्याकाळच्या डोसच्या आधी जा आणि त्या उचलून आणा.